उरलेला एकच शब्द

आमच्या ह्यांना झटका आला तो दुकानातच, एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना. हातातला वस्तरा पडला, पण पडण्याआधी त्यांनी तो गिऱ्हाइकाच्या गळ्यापासून लांब नेला होता. हे मला त्या गिऱ्हाइकानेच सांगितलं, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभं राहून. त्याच्या एका गालावरचा साबण सुकून पांढरा पडला होता आणि बिचाऱ्याला तो पुसायचंही भान नव्हतं.

ह्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. जन्मभर कात्रीपेक्षा जीभ जास्त चालवलेला माणूस. त्यांच्या खुर्चीत बसलेल्याला केस कापून मिळायचे आणि वर राजकारण, हवामान, सासूशी कसं वागावं, सगळं फुकट मिळायचं. त्या माणसाचंच बोलणं काढून घ्यावं, दुसरं काही सापडलं नाही? देवाला मी तेव्हा जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग हॉस्पिटलातच एका सकाळी एक शब्द परत आला. नर्सने विचारलं, "काय बाबा, झोप लागली का?" आणि हे म्हणाले, "हो." अगदी स्वच्छ. मी आनंदाने रडले. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की दुसरा शब्द येत नाहीये.

"चहा देऊ?" हो. "खिडकी लावून घेऊ?" हो. "मग उघडू?" हो. नर्सने विचारलं, "दुखतंय का?" हो म्हणाले म्हणून तिने इंजेक्शन दिलं. "आता बरं वाटतंय ना?" त्यालाही हो. शेवटी मी तिला म्हटलं, "बाई गं, त्यांना विचारत जाऊ नकोस, त्यांच्या तोंडाकडे बघत जा."

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. म्हणाल्या, "काही पेशंटना एखादाच शब्द उरतो. तो ते बोलत नाहीत, तो आपोआप बाहेर पडतो, उचकी लागते तसा. आतमध्ये त्यांना किती कळतंय हे आत्ता सांगता येणार नाही. थोडं कळत असेल, सगळंही कळत असेल. आणि एक सांगून ठेवते, दुसरा झटका येऊ शकतो. मनाची तयारी ठेवा."

मनाची तयारी ठेवा, म्हणे. ती कुठे ठेवतात ते कोणी सांगत नाही.

आता त्या शब्दाचं माझ्याशी काय नातं आहे ते सांगायला हवं. मी विश्वासणारी बाई आहे. लग्नाआधीपासून चर्चला जाते, आणि लग्न झाल्यापासून एकटीच जाते. ह्यांनी मला कधी अडवलं नाही. दर रविवारी माझ्या चपला पुसून दाराशी ठेवायचे, पण स्वतः उंबरा ओलांडला नाही. मी विचारायचे, "येता का आज?" आणि हे म्हणायचे, "मी लोकांच्या माना वाकवतो ती केस कापायला. न दिसणाऱ्यापुढे माझी मान का वाकवू? तू जा, माझ्या वाटचं गाऊन ये." चिडायचे नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मी त्यांच्यासाठी किती वर्षं गुडघे टेकले ते माझ्या गुडघ्यांनाच माहीत. मागणं एकच होतं, ह्या माणसाच्या तोंडून तुझ्यासाठी एकदा 'हो' येऊ दे. आणि सगळे शब्द गेल्यावर नेमका तोच उरला.

आमचा मुलगा सुवार्तिक आहे, येशू पापांतून तारतो ही बातमी सांगत फिरणारा. म्हणजे पोटासाठी तो पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकतो आणि उरलेल्या वेळात चर्चच्या सुवार्ता गटाबरोबर फिरतो. ह्यांनी त्याचं नाव गडबड्या ठेवलं होतं, कारण पोटातून बाहेर यायलासुद्धा त्याला धीर निघाला नव्हता. पोरगा मनाचा चांगला आहे. पण यंत्र विकताना आणि तारण सांगताना त्याचा आवाज अगदी सारखाच लागतो, आणि त्या आवाजाला मी फार भिते. त्या आवाजाने त्याने मलाच एक यंत्र विकलंय. ते नळाखाली बसवलेलं आहे आणि गळतं.

झटक्याच्या थोडं आधी त्यांच्या गटाला शिकवायला बाहेरून एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी ह्या मुलांना पाच बोटांची पद्धत शिकवली. गडबड्याने ती मला स्वयंपाकघरात करून दाखवली. माझे हात कणकेचे होते, तरी त्याने एक हात हातात घेतलाच.

"हा अंगठा. देवाचं तुमच्यावर प्रेम आहे, मान्य आहे? हो म्हणालं की अंगठा मिटायचा. मग हे बोट. आपण सगळे पापी आहोत, मान्य? हो. मिटायचं. मधलं बोट, येशू तुमच्यासाठी मेला आणि पुन्हा उठला. त्याच्या शेजारचं, त्याच्यावाचून तारण नाही. आणि करंगळी म्हणजे निर्णय. आज, आत्ता, तुम्ही त्याला स्वीकारता? हो. झाली मूठ. ती मूठ आपण दोन्ही हातांत घट्ट धरायची आणि प्रार्थना म्हणवून घ्यायची."

"आणि माणूस म्हणाला की मला जरा विचार करू द्या, तर?"

"तर पुन्हा अंगठ्यापासून."

"म्हणजे कंटाळून हो म्हणेपर्यंत."

"आई, तू ना! पद्धत आहे ती. लोक तारणाला नाही म्हणत नाहीत, त्यांना नीट विचारलेलंच नसतं."

"आणि ह्यात देवाला काय काम ठेवलंय?"

"देव आपल्यातूनच काम करतो."

"करतो ना. पण त्याला थोडी जागा ठेवलीत का? एखादं बोट तरी?"

तो हसला आणि माझी कणकेची मूठ सोडून निघून गेला. पुढच्या गल्लीत त्याला एक यंत्र पोचवायचं होतं.

ह्यांना घरी आणलं तेव्हा आम्ही दुकानातली खुर्चीही घरी आणली. दुकान दुसऱ्या कारागिराला चालवायला दिलं, पण खुर्ची नाही दिली. ती मागे कलते, खालीवर होते, मानेला टेकू देते. आजारी माणसाला ह्यापेक्षा चांगलं आसन कुठलं? ती पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली. इतकी वर्षं ह्यांनी लोकांना त्या खुर्चीत बसवलं, आता मी ह्यांना बसवत होते आणि गळ्याभोवती कापड बांधून चमच्याने सूप भरवत होते. ह्यांची दाढी मी करायला लागले. पहिल्या दिवशी दोन जागी कापलं. तुरटी फिरवताना विचारलं, "झोंबतंय का?" "हो." हे खरं असावं.

एका दुपारी मी गच्चीवरून वाळलेले टॉवेल घेऊन खाली आले, तर गडबड्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसलेला. ह्यांचा डावा हात त्याच्या हातात होता. उजव्या हाताची बोटं झटक्यापासून तळव्यात वळलेलीच होती. पद्धतीच्या हिशेबाने तो हात केव्हाच तारण पावला होता.

"बाबा, देवाचं तुमच्यावर प्रेम आहे. तुम्हाला हे मान्य आहे?"

"हो."

अंगठा मिटला. मी दारातच थांबले. दुसरं बोट, हो. तिसरं, हो. मी काय बघतेय ते मला चांगलं कळत होतं, आणि तरी मी चौथं बोट मिटायची वाट बघत राहिले. गडबड्याचा आवाजही बदलला होता. तो विकणारा आवाज नव्हता, कापत होता.

"बाबा, आज, आत्ता, तुम्ही येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारता?"

"हो."

गडबड्याने ती मूठ कपाळाला लावली आणि ढसाढसा रडला. मी टॉवेल छातीशी धरून तिथेच गुडघे टेकले. खोटं का सांगू, त्या क्षणी माझा पूर्ण विश्वास बसला. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. मी डोळे मिटून देवाचे आभार मानत होते, आणि तेवढ्यात खाली गल्लीत कोणीतरी कोणाला तरी हाक मारली, "येतोस का रे?"

"हो," हे म्हणाले.

मी डोळे उघडले. गडबड्याने ते ऐकलंच नव्हतं. तो फोन काढून चर्चच्या पाळकांना बातमी देत होता.

संध्याकाळपर्यंत पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. चर्चची अर्धी मंडळी गोळा झाली. गाणी झाली, प्रार्थना झाल्या. प्रार्थनेत मध्येच हे "हो" म्हणायचे आणि सगळे "आमेन!" म्हणून उठायचे. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीबाई पुढे सरसावल्या. माणूस प्रेमळ, पण प्रत्येक गोष्टीत जरा जास्तीचं यीस्ट घालायची सवय. त्यांनी ह्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "भाऊ, प्रभू भेटला का?" हो. "दिसला? स्वप्नात दिसला?" हो. "पांढऱ्या कपड्यांत?" हो! झालं. दुसऱ्या दिवशी पावाबरोबर ही बातमीही घरोघर गेली, की न्हाव्याला प्रभूने पांढऱ्या कपड्यांत दर्शन दिलं. त्यांनी "हिरव्या कपड्यांत?" असं विचारलं असतं तर प्रभूला हिरवे कपडे मिळाले असते.

ते सगळे गेल्यावर मला राहवलं नाही. गडबड्या पाण्याचे पेले गोळा करत होता. मी म्हटलं, "जरा इकडे ये. बस. अहो, ऐकता का? तुम्ही ह्या देशाचे राजे आहात का?"

"हो."

"मी काल विमान चालवलं का?"

"हो."

"आपला मुलगा गाढव आहे का?"

"हो." आणि ह्यांच्या तोंडाची चांगली बाजू किंचित वर गेली. हसले की काय, देव जाणे.

गडबड्या हसला नाही. पेले त्याने एकात एक घातले, पुन्हा काढले. मग म्हणाला, "तुला काय वाटतं, मला कळत नाही?"

"कळतं ना? मग?"

"आई, डॉक्टर म्हणाल्या दुसरा झटका येईल. तो आला आणि बाबा असेच गेले तर? मी अख्ख्या गावाच्या दारात उभा राहिलो आणि माझ्या बापाला विचारलं नाही? मी देवाला काय सांगू, पद्धत येत होती पण उत्तर खरं वाटलं नाही म्हणून सोडून दिली? मला नाही कळत त्या 'हो'च्या मागे काय आहे. पण तुला तरी कुठे कळतं? असेलही काहीतरी. तू इतकी वर्षं मागितलंस आणि मिळाल्यावर तूच त्याला खोटं ठरवतेस." त्याचा चेहरा लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला होता. "मला बाबा तिकडेही हवेत गं."

मी त्याच्या हातातले पेले घेतले आणि धुवायला गेले.

पाळकांनी बाप्तिस्म्यासाठी येणारा रविवार ठरवला. दोन दिवस मी मनातल्या मनात कुढत राहिले आणि मग त्यांना भेटायला गेले. चर्चच्या मागच्या खोलीत ते एका बाकाचा निघालेला पाय ठोकत बसले होते. आमचे पाळक ह्यांचे जुने गिऱ्हाईक. दोघांनी मिळून त्या खुर्चीत देवावर किती वाद घातले असतील! मी सगळं सांगितलं. विमानाचंही सांगितलं.

पाळक हातोडी बाजूला ठेवून म्हणाले, "तुमच्या नवऱ्याला मी कधी जिंकू शकलो नाही. मानेवर वस्तरा असताना माणूस नरकाविषयी किती जोरात बोलणार?"

"थट्टा नको. मी काय विचारतेय ते सांगा. हा बाप्तिस्मा खरा होईल का?"

त्यांनी एक खिळा उचलला आणि पुन्हा डबीत टाकला. मग म्हणाले, "मी पुष्कळांना पाण्यात उतरवलंय. धडधाकट, घडाघडा बोलणारी माणसं. त्यांच्या 'हो'च्या आत काय होतं ते मला कधीच दिसलं नाही. काहींचं पुढे दिसलं, काहींचं नाहीच दिसलं. एकाने बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी माझी सायकल नेली."

"मग विचारता कशाला?"

"विचारणं माझं काम आहे म्हणून. माणसाला आतून वळवणं माझं नाही, तुमच्या मुलाचंही नाही. ते आमच्या हातात असतं तर आम्ही केव्हाच त्याची वाट लावली असती." त्यांनी बाक हलवून बघितला, अजून डुगडुगत होता. "तुम्ही नको म्हणालात तर मी थांबतो. तुमचा शब्द."

मला नको म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मला गडबड्याचा चेहरा दिसला, आणि त्याहून खरं सांगायचं तर मलाही तो 'हो' हवा होता. खोटा तर खोटा. चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, ह्यांच्या तोंडून एकदा ऐकायचा होता. मी म्हटलं, "पाणी गरम असू द्या. त्यांना गारठा सहन होत नाही."

रविवारी मी सकाळी लवकर जाऊन स्वतःच पाणी तापवलं. व्यासपीठाखालच्या फळ्या काढल्या की बाप्तिस्म्याचा हौद उघडतो. त्यात मी पातेल्यामागून पातेलं ओतत होते आणि चर्चची झाडलोट करणारा माणूस "बाई, हा बाप्तिस्मा आहे, अंघोळ नाही" म्हणून पुटपुटत होता. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

ह्यांना पांढरा झगा घातला. गडबड्याने आणि बेकरीवालीबाईंच्या नवऱ्याने त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून पाण्यात उतरवलं. पाणी छातीपर्यंत आलं, तसे हे इकडेतिकडे बघायला लागले. खांब, खिडक्या, बाकांवरची माणसं. ह्यातल्या निम्म्या डोक्यांचे केस त्यांनी कापलेले. देवाच्या ह्या घरात ते पहिल्यांदाच आले होते आणि एकेक गोष्ट डोळ्यांत भरून घेत होते. पाळक एका बाजूला उभे राहिले, गडबड्या दुसऱ्या बाजूला. मी पहिल्या बाकावर होते. माझे हात पाणी ओतून लाल झाले होते.

पाळकांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज चढवला नाही, खुर्चीत बसून गप्पा मारायचे तसेच बोलले. "येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे आणि तुमचा तारणारा आहे, असा तुम्ही मनापासून विश्वास ठेवता का?"

सगळं चर्च पुढे झुकलं. बेकरीवालीबाईंनी 'आमेन'साठी तोंड उघडूनसुद्धा ठेवलं होतं.

मी ह्यांच्या ओठांकडे बघत होते. रोज भरवणाऱ्या बाईला त्या ओठांची हालचाल पाठ असते. शब्द निघायच्या आधी खालचा ओठ जरासा गोल होतो. तो गोल झाला. आणि ह्यांचा डावा हात पाण्यातून वर आला आणि तोंडावर बसला.

घट्ट बसला. मनगटावरून पाणी निथळत होतं. बोटांची पेरं पांढरी पडली. गळ्यातली घाटी वरखाली होत होती, शब्द बाहेर यायला धडका मारत होता आणि हे त्याला आत दाबून धरत होते. खांदे हलत होते, खुर्चीभोवतीचं पाणीही हलत होतं. पाळकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी हळू. हात निघाला नाही.

"बाबा," गडबड्या म्हणाला, "बाबा, हात काढा. म्हणा ना. एकदा म्हणा." आणि त्याने त्यांचं मनगट धरलं. तो हात ओढायला लागला. मुठी वळवायला शिकलेला माझा पोरगा बापाच्या तोंडावरचा हात ओढत होता. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तू मला हे करायला लावू नकोस, एवढंच होतं त्यात, आणि डोळे भरून आले होते.

मी कधी उठले मला कळलं नाही. चर्चमध्ये मी कधी मोठ्याने बोललेली नाही, त्या दिवशी बोलले. "सोड त्यांचा हात!"

त्याने सोडला. पाळकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आज इथेच थांबू. त्यांना बाहेर घ्या, गारठतील." मागे कुजबुज सुरू झाली. कोणीतरी गाणं सुरू केलं आणि ते कोणी उचललं नाही. ह्यांना पायऱ्यांवरून वर आणलं, टॉवेलात गुंडाळलं, आणि तोवर तो हात तोंडावरच होता.

घरी येताना टॅक्सीवाल्याने विचारलं, "पुढून डावीकडे घ्यायची ना?"

"हो," हे म्हणाले.

गडबड्याने ते ऐकलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

सांगायला लाज वाटते, पण सगळ्या वाटेत मला एकच दुःख होतं, की मिळत होतं तेही गेलं. खोटा का होईना, तो शब्द माझ्या ओच्यात पडणार होता आणि ऐनवेळी ह्यांनी हात आखडता घेतला. जगाला हो, टॅक्सीवाल्याला हो, बेकरीवालीला हो, आणि माझ्या देवालाच तेवढं नाही? मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर ओला झगा काढला, अंग पुसलं, कोरडा सदरा घातला आणि बटणं लावायला बसले. हे थकले होते. चेहरा मात्र असा होता की मी बटण लावता लावता थांबले. झटक्यापासून ह्यांचा चेहरा वाट चुकलेल्या माणसासारखा असायचा. आत्ता तो वाट चुकलेल्या माणसाचा नव्हता. हे कशाचा तरी विचार करत होते, अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून.

गडबड्या ओल्या कपड्यांनिशी जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. "ते नाही म्हणाले, आई," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. प्रत्यक्ष देवाच्या तोंडावर नाही म्हणाले. आता काय उरलं?"

आणि माझ्या तोंडून जे निघालं ते निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

"अरे, हा माणूस लग्नापासून माझ्या जेवणाच्या प्रार्थनेला रोज आमेन म्हणत आलाय. आठवतं ना तुला? तुझ्या-माझ्यापेक्षा मोठ्याने! मी एकदा चिडून विचारलं, विश्वास नाही तर आमेन कशाला म्हणता? तर म्हणाले, म्हणायला काय जातं? पलीकडे ऐकायला कोणी बसलेलं नाही, तू खूश होतेस आणि जेवण गरम मिळतं."

"मग?"

"मग आज काय जात होतं? शब्द तर जिभेवर तयार होता. सोडून दिला असता की सुटलेच होते. मी खूश, तू खूश, सगळं चर्च खूश. जीव गुदमरेपर्यंत हात दाबून धरायची काय गरज होती?" मी राहिलेलं बटण लावलं. "पलीकडे कोणीच नाही असं ज्याला वाटतं, तो कोणाशी खोटं बोलायला घाबरला रे?"

गडबड्याने मान वळवून बापाकडे बघितलं. खुर्चीत मान टेकवून हे खिडकीबाहेर बघत होते, पण बाहेर बघायला काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या. तोंडावरचा हात आता मांडीवर उताणा पडला होता, पाची बोटं सुटी.

मला माहीत नाही. विश्वास बसला असं मी म्हणत नाही, तसं म्हणणारी मी कोण? मला एवढंच कळलं की इतकी वर्षं मी ह्यांना विचारत होते, पाळक विचारत होते, आता मुलगाही विचारायला लागला होता, आणि ह्यांनी आमच्यापैकी कोणालाच मनावर घेतलं नव्हतं. आज पहिल्यांदा ह्यांनी तो प्रश्न मनावर घेतला. आणि तो ह्या वेळी आमच्यापैकी कोणाचा नव्हता, पलीकडून आलेला होता.

गडबड्या गुडघ्यांवर सरकत खुर्चीपाशी गेला. सवयीनेच त्याने बापाचा तो उताणा हात उचलायला हात पुढे केला, प्रार्थनेसाठी. मी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," मी म्हटलं. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये."

त्याने हात मागे घेतला.